गोंधळ नसलेल्या दिवशी लोकसभेत नक्की काय चालतं?

तुमचा प्रश्न असा आहे की दुपारी कधी संसद टीव्ही लावला तर लोकसभेत तीस-चाळीस माणसं बसलेली दिसतात, एकजण कागद बघून बोलतोय, बाकीची बाकं रिकामी, नाहीतर मग थेट घोषणा आणि तहकुबी, तर मग साधा दिवस असतो तरी का आणि असला तर त्या दिवशी काम काय होतं. मी दिल्लीत बारा वर्षं आपल्याकडच्या एका खासदारांच्या ऑफिसात संसदेचं काम बघायचो, म्हणजे प्रश्न लिहायचे, नोटिसा टाकायच्या, बिलं वाचून साहेबांना टिपणं काढून द्यायची, म्हणून जरा सविस्तरच लिहितो. साधे दिवस असतात, भरपूर असतात, आणि संसदेतलं जे काही तुमच्या-माझ्या उपयोगाचं आहे ते बहुतेक अशाच दिवशी होतं, ज्याची दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची बातमीही येत नाही.

टीव्हीवर दिवस अकराला सुरू होतो, आमचा आदल्या संध्याकाळीच सुरू व्हायचा. उद्याची कार्यसूची, तिला दिल्लीत सगळे लिस्ट ऑफ बिझनेसच म्हणतात, ती आली की आधी बघायचं की बिल कुठलं लागलंय, साहेबांचा प्रश्न कितव्या नंबरवर आहे आणि कुठल्या मंत्रालयाचे कागद पटलावर, म्हणजे सभागृहाच्या टेबलावर अधिकृतपणे, यायचेत. काही पानांचा कोरडा कागद असतो तो, मंत्र्यांची नावं आणि 'अमुक अहवाल ठेवतील' एवढंच, पण वाचायची सवय लागली की उद्याचा अख्खा दिवस त्यात दिसायला लागतो. कधी कधी रात्री पुरवणी कार्यसूची येते, त्यात भलतंच बिल असतं, मग नॉर्थ अव्हेन्यूच्या फ्लॅटमध्ये रात्री बाराला परत लॅपटॉप उघडून मूळ कायदा शोधायचा, कारण बिलात फक्त 'कलम 4 मधील अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द घालावेत' असं असतं, मूळ कायदा शेजारी ठेवल्याशिवाय त्यातून काहीच कळत नाही. 2023 चं जन विश्वास बिल आठवतं, 42 कायद्यांतल्या 183 तरतुदी एका बिलाने बदलायच्या होत्या, मी एका टेबलावर बसून ते वाचूच शकत नव्हतो, जमिनीवर कागद पसरून बसलो होतो.

अकरा ते बारा प्रश्नोत्तराचा तास. माझ्या मते दिवसभरातला सगळ्यात मोलाचा तास हाच, म्हणून ह्याच्याबद्दल जास्त लिहितो.

लोकसभेत रोज 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न असतात. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात उभं राहून द्यायचं, अतारांकित म्हणजे लेखी उत्तर पटलावर ठेवलं की झालं. मंत्रालयांचे पाच गट केलेले असतात, सोमवार ते शुक्रवार एकेका गटाचा वार, म्हणजे रेल्वेचा प्रश्न विचारायचाय तर रेल्वेच्या वारीच विचारायचा. नोटीस किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, मग चिठ्ठ्या टाकतात म्हणजे बॅलट, त्यात नाव वर लागलं तर प्रश्न तारांकित यादीत येतो. एका खासदाराच्या नावावर एका दिवशी एकच तारांकित प्रश्न लागू शकतो. प्रश्न साधारण 150 शब्दांच्या आत, त्यात मत विचारायचं नाही, आरोप नाही, कोर्टात चाललेला विषय नाही. हे सगळं सांभाळून प्रश्न असा लिहायचा की उत्तरात माहिती आलीच पाहिजे, हे एक कसब आहे आणि ते शिकायला मला दोन वर्षं लागली.

सभागृहात काय होतं तर अध्यक्ष नंबर पुकारतात, सदस्य उभा राहून 'प्रश्न संख्या अमुक' एवढंच म्हणतो, मंत्री म्हणतात उत्तर पटलावर ठेवलंय, आणि खरी परीक्षा इथून पुढे सुरू होते. प्रश्न ज्याचा त्याला दोन पुरवणी प्रश्न विचारता येतात, मग अध्यक्ष बाकीच्यांना संधी देतात. छापील उत्तर अधिकाऱ्यांनी लिहिलेलं असतं, चार जणांनी तपासलेलं असतं, पण पुरवणीचं उत्तर मंत्र्याला स्वतःला द्यावं लागतं. अधिकारी गॅलरीत बसलेले असतात, चिठ्ठी पाठवू शकतात, पण चिठ्ठी पोचेपर्यंत मंत्री काहीतरी बोललेला असतो आणि ते रेकॉर्डवर गेलेलं असतं. म्हणून ज्या दिवशी एखाद्या मंत्रालयाचा तारांकित प्रश्न लागलेला असतो त्याच्या आधीचे तीन-चार दिवस तिथे धावपळ असते, जिल्ह्याला फोन जातात, राज्याकडून आकडे मागवतात, धूळ खात पडलेली फाईल वर येते. हे मी मंत्रालयातल्या ओळखीच्या लोकांकडून कितीतरी वेळा ऐकलंय, प्रश्न सभागृहात पुकारला जायच्या आधीच अर्धं काम झालेलं असतं. वीसपैकी तोंडी होतात पाच-सहाच, पण तयारी वीसच्या वीस प्रश्नांची करावी लागते.

प्रश्नातून काय होऊ शकतं ह्याचं जुनं उदाहरण सांगतो. 1957 मध्ये एलआयसीने एका उद्योगपतीच्या कंपन्यांत पैसे गुंतवले त्याबद्दल लोकसभेत आधी प्रश्न विचारले गेले, मग खासदार फिरोज गांधींनी ते प्रकरण लावून धरलं, चौकशी आपल्या मुंबई हायकोर्टाचे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी केली आणि 1958 च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. आजही एखादा सदस्य नीट तयारी करून दुसरा पुरवणी प्रश्न विचारतो तेव्हा सभागृह शांत होतं, हे मी गॅलरीतून पाहिलंय.

आता गोंधळाच्या दिवशी जातं काय ते बघा. अतारांकितची 230 उत्तरं तरी येतात, तारांकितचीही छापील उत्तरं पटलावर ठेवली असं धरलं जातं. जातो तो पुरवणी प्रश्न, म्हणजे मंत्र्याला तोंडावर विचारायची दिवसातली एकमेव जागा. लोक म्हणतात गोंधळात वेळ वाया जातो, मला तर त्याहून जास्त हे लागतं की पंधरा दिवस आधी टाकलेला, चिठ्ठीत नाव लागलेला, एखाद्या गावातून आलेला प्रश्न त्या दिवशी मेला, तो परत कधी लागेल सांगता येत नाही. आमच्या साहेबांचा पाच वर्षांत ज्या प्रश्नासाठी जीव तुटत होता तो एकदा तिसऱ्या नंबरवर लागला आणि अकरा वाजून चार मिनिटांनी सभागृह तहकूब झालं, त्या दिवशी साहेब जेवले नाहीत.

अतारांकितला कमी समजू नका. आमच्याकडे एका घरकुल योजनेत लोकांना पहिला हप्ता मिळाला आणि पुढचे अडकले, बायाबापड्या उघड्या भिंतींवर ताडपत्री टाकून दोन पावसाळे काढत होत्या, रोज फोन. आम्ही प्रश्न टाकला, किती घरं मंजूर, किती पूर्ण, राज्यनिहाय माहिती द्या. उत्तर आलं, सोबत परिशिष्ट, त्यात महाराष्ट्र एक ओळ, आकडा चांगला मोठा, वाचून वाटावं सगळं उत्तम चाललंय. माझी चूक अशी की 'जिल्हानिहाय' हा शब्द मी घातला नव्हता. पुढच्या अधिवेशनात घातला, तर उत्तर आलं की माहिती गोळा केली जात आहे आणि सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल. नवखा माणूस इथे निराश होतो, पण हे वाक्य फार कामाचं आहे. असं उत्तर म्हणजे सरकारने सभागृहाला दिलेलं आश्वासन धरलं जातं आणि ते शासकीय आश्वासन समितीच्या यादीत जातं. लोकसभेत ही समिती 1953 पासून आहे, लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्या काळापासून, आणि नियम असा की आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करायचं, नाही जमलं तर समितीकडे मुदतवाढ मागायची, कारण सांगायचं. आमचं उत्तर यायला वर्षाच्या वर गेलं, पण आलं, आणि त्यात आमच्या जिल्ह्याची ओळ होती, मंजूर किती, पूर्ण किती, दोन आकड्यांमध्ये केवढं अंतर ते एका नजरेत दिसत होतं. साहेबांनी तो कागद दिशा समितीच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या केंद्राच्या योजनांचा आढावा घेणाऱ्या समितीच्या, बैठकीत टेबलावर ठेवला. संसदेच्या पटलावरचा आकडा आहे म्हटल्यावर 'आमच्याकडे वेगळी माहिती आहे' असं कुणालाही म्हणता येईना. हप्ते सुटले, सगळे नाही, पण बरेच सुटले.

बाराला प्रश्नोत्तराचा तास संपतो आणि कागदपत्रं पटलावर ठेवायची सुरुवात होते. हा भाग दहा-पंधरा मिनिटांत उरकतो, मंत्री एकेक करून उठतात, 'कार्यसूचीत माझ्या नावापुढे दाखवलेले कागद ठेवतो' म्हणतात आणि बसतात. बघायला काहीच नाही. पण ठेवतात काय ते बघा, कॅगचे अहवाल, सरकारी कंपन्या आणि संस्थांचे वार्षिक अहवाल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कायद्याखाली केलेले नियम आणि अधिसूचना. कायद्यात बरेचदा लिहिलेलं असतं की तपशील सरकार नियमांनी ठरवेल, म्हणजे फी किती, फॉर्म कुठला, मुदत किती, दंड कसा भरायचा, जे आपल्याला रोज भोवतं ते सगळं नियमात असतं. हे नियम पटलावर ठेवावे लागतात, साधारण एकूण तीस दिवस ते सभागृहासमोर राहतात आणि दोन्ही सभागृहांचं एकमत झालं तर ते बदलता किंवा रद्द करता येतात. हा अधिकार फार कमी वेळा वापरला जातो ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण बिलावर तासन्‌तास बोलणारे सदस्य नियम वाचत नाहीत आणि माणसाचं आयुष्य नियमाने अडतं. वार्षिक अहवालांचंही तसंच आहे, आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत ते यायला हवेत, उशीर झाला तर उशिराची कारणं सांगणारं निवेदन सोबत ठेवावं लागतं, आणि ह्या सगळ्यावर नजर ठेवायला पुन्हा एक वेगळी समिती आहे. एखाद्या संस्थेचं काय चाललंय हे कळायला मी आधी तिचं उशिराचं निवेदन बघायचो.

मग शून्य प्रहर, आपण झीरो अवरच म्हणतो. नियमांच्या पुस्तकात हा शब्दच नाही, साठच्या दशकात प्रथा म्हणून रुजला. सकाळी नोटीस, पुन्हा चिठ्ठ्या, आणि ज्याचं नाव लागलं त्याने दोन-तीन मिनिटांत आपल्या भागाचा विषय मांडायचा, कांद्याचा भाव, रेल्वेचा थांबा, परदेशात अडकलेला मुलगा, पूर, बिबट्या, काहीही. मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं बंधन नाही. 18 जुलै 2019 ला अध्यक्षांनी रात्री उशिरापर्यंत झीरो अवर चालवला आणि दीडशेहून जास्त सदस्य बोलले, कितीतरी नवे खासदार त्या रात्री पहिल्यांदा उभे राहिले असतील. मला झीरो अवरपेक्षा नियम 377 जास्त आवडतो, तिथे अडीचशे शब्दांच्या आत लेखी मजकूर द्यायचा असतो, तो रेकॉर्डवर जातो आणि संबंधित मंत्रालयाकडून लेखी उत्तर येतं. टीव्हीवर क्लिप मिळत नाही म्हणून ह्याकडे कमी लक्ष जातं, पण कागद हातात येतो, आणि तो दोन वर्षांनीही दाखवता येतो.

मराठीचा विषय इथेच सांगतो कारण खूप जण विचारतात. मराठीत बोलता येतं. पूर्वी आधी कळवावं लागायचं, म्हणजे दुभाष्याची सोय होईल, आणि ऐनवेळी बोलायची पाळी आली तर खासदार हिंदीवर यायचे. भाषांतर आधी इंग्रजी, हिंदी आणि मराठी धरून दहा प्रादेशिक भाषांत होतं, 2025 मध्ये त्यात घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या आणखी भाषांची भर पडत गेली. आमचे साहेब ऊसतोड कामगारांवर बोलायला उभे राहिले तेव्हा मी म्हटलं मराठीतच बोला, 'कोयता' ह्या शब्दाला हिंदीत काय म्हणणार, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात हे समजावण्यातच तीन मिनिटं जातील. ते मराठीत बोलले. हेडफोनवर मी भाषांतर ऐकत होतो, दुभाषी बाईंनी 'कोयता' तसाच ठेवला आणि पुढे एका वाक्यात अर्थ सांगितला. इतकं नेमकं, इतकं शांतपणे केलेलं काम मी दिल्लीत फार कमी पाहिलं. वृत्तलेखक, दुभाषी, टेबल ऑफिसची माणसं, ह्यांची नावं कधी कुठे येत नाहीत पण संसद ह्यांच्या जिवावर चालते.

एक ते दोन जेवण, घाई असली तर जेवणाची सुट्टी रद्द. जुन्या इमारतीत सेंट्रल हॉल होता, तिथे कॉफी पिताना विरोधी पक्षाचा खासदार मंत्र्याला धरून मतदारसंघाचं काम सांगायचा, नव्या इमारतीत तसा हॉल नाही. लोकसभेचं नवं दालन मोठं आहे, 888 जागांचं, कामकाज तिथे 19 सप्टेंबर 2023 पासून सुरू झालं, पण ते एकमेकांशी सहज बोलणं कमी झालं असं जुने लोक म्हणतात आणि मलाही ते पटतं.

दुपारी दोननंतर बिल. तुम्ही जी रिकामी बाकं बघता ती ह्या वेळेची.

एक खरं उदाहरण घेऊ. समुद्रातून माल पाठवला की जहाज कंपनी एक पावती देते, तिला बिल ऑफ लेडिंग म्हणतात, ज्याच्या हातात ती पावती त्याचा माल, बँकही त्यावर पैसे मोकळे करते. नाशिकची द्राक्षं न्हावा शेवाहून निघतात तेव्हा व्यवहार अशाच कागदावर चालतो. ह्या कागदाचा कायदा आपल्याकडे 1856 चा होता, म्हणजे कंपनी सरकारच्या काळातला, तीनच कलमांचा. त्याच्या जागी नवा कायदा आणणारं बिल मार्च 2025 मध्ये लोकसभेत आणि 21 जुलै 2025 ला राज्यसभेत मंजूर झालं. 21 जुलै ही तारीख तुम्हाला आठवत असेल तर ती उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी त्या रात्री राजीनामा दिला म्हणून, टीव्हीवर आठवडाभर तेच चाललं होतं. त्याच दिवशी राज्यसभेत 169 वर्षांचा जुना कायदा बदलला, आवाजी मतदानाने, आणि द्राक्ष बागायतदारापर्यंत त्याची बातमी गेली नाही. पावती कुणाच्या नावावर गेली की दावा लावायचा हक्क कुणाचा, माल चढलाच नसेल तर पावतीला काय किंमत, हे असले प्रश्न त्यात आहेत, कंटेनर अडकलेल्या माणसाला विचारा ह्याची किंमत.

पद्धत अशी. आधी बिल मांडणं, त्यावर सहसा चर्चा नाही. मग काही दिवसांनी विचारार्थ घेणं, म्हणजे मुख्य चर्चा. कामकाज सल्लागार समितीने वेळ ठरवलेला असतो, समजा तीन तास, तो पक्षांच्या संख्येप्रमाणे वाटतात, मोठ्या पक्षाला तास-दीड तास, लहान पक्षाला तीन-चार मिनिटं, अध्यक्षांची घंटा वाजते आणि वाक्य अर्धं राहतं. आम्ही टिपण काढायचो ते म्हणूनच उलटं, सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा पहिल्या वीस सेकंदांत. चर्चेला मंत्री उत्तर देतात आणि मग येतं ते खंडवार, क्लॉज बाय क्लॉज, म्हणजे बिलाच्या एकेका कलमावर मत. पीठासीन अध्यक्ष म्हणतात प्रश्न असा की 'खंड 2 विधेयक का अंग बने', हो म्हणणारे हो म्हणतात, 'प्रस्ताव स्वीकृत हुआ', मग खंड 3, मग 4, एका श्वासात. खंड 1, ज्यात कायद्याचं नाव असतं, तो सगळ्यात शेवटी घेतात, मग अधिनियमन सूत्र, म्हणजे संसदेने हा कायदा केला असं सांगणारं ठराविक वाक्य, आणि बिलाचं पूर्ण नाव, आणि शेवटी 'विधेयक पारित किया जाए'. चाळीस खंडांचं बिल असलं तरी हा भाग बरेचदा काही मिनिटांत होतो. पण एखाद्या खंडावर कुणाची दुरुस्ती असेल तर तिथे थांबावंच लागतं, सदस्याचं नाव पुकारतात, तो हजर असेल आणि दुरुस्ती मांडतो म्हणाला तरच ती मतदानाला येते. केरळमधल्या कोल्लमचे एन. के. प्रेमचंद्रन बहुतेक बिलांवर दुरुस्त्या देतात आणि शेवटपर्यंत बसून एकेक मांडतात, हरणार हे माहीत असतं. मला ह्या माणसाबद्दल फार आदर आहे, कारण ती दुरुस्ती रेकॉर्डवर राहते, आणि सभागृहात कुणीतरी हा मुद्दा लेखी मांडला होता हे उद्या कायद्याचा अर्थ लावणाऱ्याला दिसतं.

कुणी मतविभाजन, म्हणजे आवाजावर न भागवता मोजून मतदान, मागितलं तर साडेतीन मिनिटं घंटा वाजते, आवारात असलेले खासदार जिथून असतील तिथून पळत येतात, लॉबीचे दरवाजे बंद होतात आणि मग मतदान. महिला आरक्षणाचं बिल 20 सप्टेंबर 2023 ला मतदानाला आलं तेव्हा नव्या दालनात चिठ्ठ्यांनी मतदान झालं, 454 विरुद्ध 2. पण साध्या बिलाला मतविभाजन क्वचितच मागतात.

मग बाकं रिकामी का? पहिलं म्हणजे 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडला तर खासदारकी जाऊ शकते, त्यामुळे चर्चा ऐकून मत बदलायची सोयच उरलेली नाही, निकाल आधीच ठरलेला असतो, मग माणूस ऐकायला बसेल कशाला. ह्याचं दुखणं मोठं आहे आणि ते खासदारांच्या आळसापेक्षा फार खोल आहे. दुसरं, गणपूर्तीचा नियम एक दशांशाचा आहे, घटनेच्या कलम 100 प्रमाणे, म्हणजे लोकसभेत 55 सदस्य, पण कुणी उठून दाखवून दिलं तरच मोजतात, नाहीतर कामकाज चालू राहतं. तिसरं कारण टीव्हीवर दिसतच नाही, तीन वाजता बरेच खासदार संसदेच्या ॲनेक्समध्ये समितीच्या बैठकीत असतात. शिवराज पाटील अध्यक्ष असताना 1993 मध्ये मंत्रालयनिहाय स्थायी समित्या सुरू झाल्या, आधी 17 होत्या, आता 24 आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य. तिथे कॅमेरा नसतो, म्हणून तिथे माणसं वेगळी वागतात, सत्ताधारी खासदारही सचिवाला कडक प्रश्न विचारतो, विरोधी खासदार सरकारची एखादी गोष्ट बरी आहे म्हणतो, आणि अहवाल बहुतेक वेळा एकमताचा निघतो. बिल समितीकडे न जाता थेट आलं की मला भीती वाटायची, कारण खंडवारच्या त्या दहा मिनिटांत चूक पकडायला कुणालाच वेळ नसतो, ती समितीतच सापडते.

शुक्रवारी दुपारी साडेतीननंतरचे अडीच तास खासगी सदस्यांचे, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराला स्वतःचं बिल किंवा ठराव आणता येतो. आजवर अशी 14 च बिलं कायदा झाली, शेवटचं 1970 मध्ये. म्हणून खासदार शुक्रवारी दुपारची विमानं पकडतात. पण आपल्या राजापूरचे नाथ पै यांनी 1967 मध्ये असंच एक बिल आणलं होतं, मूलभूत हक्क कमी करायचा अधिकार संसदेला नाही असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं त्या गोलकनाथ निकालानंतर, मूलभूत हक्कांसकट घटनेचा कुठलाही भाग दुरुस्त करायचा अधिकार संसदेला आहे हे स्पष्ट करण्यासाठी. त्यांचं बिल कायदा झालं नाही, नाथ पै 1971 च्या जानेवारीत गेले, आणि त्याच वर्षी सरकारने 24 वी घटनादुरुस्ती आणली ती नेमक्या त्याच विषयावर. त्या अधिकाराबद्दल तुमचं मत काहीही असो, एका विरोधी खासदाराच्या शुक्रवारच्या बिलातून तो वाद सभागृहात उभा राहिला होता.

संध्याकाळी सहाला कामकाज संपतं, वाढवायचं असेल तर अध्यक्ष सभागृहाला विचारून वाढवतात. आमचं काम तेव्हाही संपायचं नाही, असंशोधित कार्यवाही, म्हणजे दिवसभराच्या बोलण्याची न तपासलेली नोंद, वेबसाईटवर यायला लागली की साहेबांचं भाषण वाचायचं, गावाचं नाव चुकलंय का, लाखाचं कोटी झालंय का ते बघायचं आणि दुरुस्ती कळवायची.

शेवटचं, तुम्ही स्वतः काय करू शकता हेही विचारलंय म्हणून. संसदेच्या वेबसाईटवर प्रश्नोत्तरं खासदाराच्या नावाने आणि मंत्रालयाच्या नावाने शोधता येतात, तुमच्या खासदारांनी काय विचारलं ते आधी तिथे बघा. तुमच्याकडे विषय असेल तर अधिवेशन सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी त्यांच्या ऑफिसात लेखी द्या, एका पानात, योजनेचं नेमकं नाव, कुठल्या वर्षापासूनची माहिती हवी ते, आणि जिल्हानिहाय किंवा तालुकानिहाय हा शब्द आठवणीने घाला. दिल्लीच्या ऑफिसात माझ्यासारखा जो कुणी बसलेला असेल त्याला असं पत्र आलं की फार बरं वाटतं, कारण त्यातून सरळ प्रश्न तयार होतो. उत्तर आलं आणि त्यात 'माहिती गोळा केली जात आहे' असं असेल तर तारीख लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी परत ऑफिसला फोन करा.